गयाबाईंची खुर्ची

दाजीबा खरमाटे व्याख्यानाला उभे राहिले, की गावातली भांडणंसुद्धा थांबायची हो! त्यांच्या सत्काराला एक जाडजूड रावबहादूर अध्यक्ष म्हणून आले. दाजीबांची निरक्षर बायको गयाबाई मंचावर बसलेली पाहून ते फिस्कारले, "बाई, इथं विद्वान बसतात. यांचं एक तरी भाषण कळलंय का तुम्हाला? नाहीतर खाली बसा."

गयाबाई जागच्या हलल्या नाहीत. "रावसाहेब, प्रत्येक भाषण हे आधी चुलीपुढं मला म्हणून दाखवतात. मला कळलं नाही ते तिथंच गाळतात. तुमच्यापर्यंत पोचतं, ते सगळं मला कळलेलंच असतं!"

मंडप खदखदून हसला. रावबहादूर आपलं वीस पानी भाषण उपरण्याखाली लपवू लागले. दाजीबांनी मात्र आपली खुर्ची बायकोजवळ सरकवली.