आईने पाहिलेली राजनगरी

कोणे एके काळी, शहरांना तट असत आणि दिवस मावळला की त्यांच्या वेशी बंद होत, तेव्हाची ही गोष्ट. एका खेड्यात नागोजी नावाचा तेलाचा व्यापारी राहत असे. माणूस वाईट नव्हता, पण भलताच घाईचा होता. जेवतानासुद्धा त्याचं अर्धं लक्ष उठण्याकडे असायचं.

त्याची आई मूळची एका जुन्या राजनगरीची. लग्न होऊन खेड्यात आली, ती पुन्हा तिकडे गेली नाही. माहेरचं आता कुणी उरलं नव्हतं. पण तिची बालमैत्रीण येसू अजून तिथेच, राणीच्या बारवेमागच्या गल्लीत राहते, असं येणारे-जाणारे सांगत. "एकदा मला तिकडे घेऊन चल," असं आई दरवर्षी म्हणायची. "सुगी झाली की जाऊ," असं नागोजी दरवर्षी म्हणायचा.

एका वर्षी गावचा पाटील ती नगरी बघून आला आणि चावडीवर रोज तिचंच वर्णन करू लागला. नागोजीला ते ऐकवेना. त्याने गाडी जुंपली, आईला बसवलं आणि निघाला.

वेस उघडताच दोघं आत शिरली.

"आई, वेस बंद व्हायच्या आत सगळं बघून झालं पाहिजे," नागोजी म्हणाला. "पाटलानं बघितलेलं एकही ठिकाण राहता कामा नये."

गजदरवाज्याशी आई थांबली. दगडी हत्तीच्या सोंडेवर तिने हात ठेवला. "लहानपणी मी आणि येसू हिच्यावर बसायचो."

"बरं, बरं. विजयस्तंभ अजून लांब आहे," म्हणत नागोजी पुढे झाला.

विजयस्तंभावर तो धापा टाकत चढला आणि तसाच उतरला. खाली आईने नुकतंच भाकरीचं फडकं सोडलं होतं.

"आता हे काय काढलंस?"

"भूक लागली रे."

"गाडीत खा. अजून राजवाडा आहे, नगारखाना आहे."

आईने भाकरी पुन्हा बांधली. राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचा गुडघा धरला.

"जरा हळू चाल," ती म्हणाली.

"हळू चाललो तर नगारखाना राहील."

"राहू दे की."

"राहू दे? मग आलो कशाला आपण?"

यावर तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण तोवर तो पुढच्या चौकात पोचला होता.

ऊन कलताना दोघं राणीच्या बारवेपाशी आली. आई म्हणाली, "येसूची गल्ली इथं मागेच आहे. घटकाभर जाऊन येऊ."

नागोजी वैतागला. "दोन म्हाताऱ्या भेटल्यावर घटकाभरात उठतात का कधी? पुढच्या वेळी सवडीनं येऊ."

आईने एकदा गल्लीकडे पाहिलं आणि ती त्याच्यामागे चालू लागली.

गावात परतल्यावर देवळाच्या पारावर माणसं जमली. नागोजी सांगू लागला, पण प्रत्येक प्रश्नाला अडू लागला. स्तंभावर काय कोरलंय? त्याने वाचलं नव्हतं. बारव किती खोल आहे? तो आत वाकलाच नव्हता. पाटील गालात हसला. तेव्हा चिडून नागोजी आईला म्हणाला, "तूच सांग यांना, काय काय बघितलं ते."

"मी दिवसभर तुझी पाठ बघितली, बाबा," आई म्हणाली. "दुसरं काही बघावं इतका तू कुठे थांबलाच नाहीस."

कुणी हसलं नाही. नागोजीची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा गाडी जुंपली. पण आईचा गुडघा सुजला होता, गाडीचे हिसके तिला सोसणार नव्हते. "तू जा," ती म्हणाली. "जमलं तर येसूलाच घेऊन ये."

नागोजी नगरीत पोचला. या खेपेला तो विचारत विचारत थेट गल्लीत गेला. येसूच्या दारात तिची सून भेटली.

"सासूबाई काल रात्रीच गेल्या," ती म्हणाली. "शेवटपर्यंत इथं ओट्यावर बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत."

म्हणजे तो बारवेपाशी कुरकुरत उभा होता, तेव्हा येसू हाकेच्या अंतरावर बसलेली होती. नागोजी ओट्यावर बसला. सून बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला.

घरी येऊन त्याने आईला सारं सांगितलं. ती म्हणाली, "ओटा कसा होता?"

नागोजीने सावकाश सांगितलं. ओट्याचा झिजलेला कडेचा दगड, दारातली तुळस, येसूची काठी अजून टेकून ठेवलेली, आणि गजदरवाज्यावरून जाताना येसू नातवंडांना एका मैत्रिणीचं नाव सांगायची, तेही. आईने डोळे मिटून ऐकलं.

"तू तिथे जाऊन बसलास, बरं झालं," ती म्हणाली. "मी बसले असते तर आणखी बरं झालं असतं."

पुढे नागोजीने पुष्कळ गावं पाहिली. पण ते वाक्य त्याच्या कानातून कधी गेलं नाही.

लहानथोरांनी यातून एवढंच घ्यावं: ज्याला सोबत नेलं त्याच्यासाठी थांबलो नाही, तर जे पाहिलं तेही न पाहिल्यासारखंच.