घंटेमागे आलेले तट्टू

पूर्वी भोगवर्धन नगरात राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका तट्टाचा जन्म घेतला होता. कुळ काही मोठे नव्हते. राजाच्या रथाला जुंपावे असे रूपही नव्हते. पाय आखूड आणि पोट सुटलेले. तांबूस रंगावरून त्याला शोण म्हणत. व्यापारी तांड्याचा म्होरक्या नंदिल याच्या घरी तो लहानाचा मोठा झाला. तांड्यात सर्वांत पुढच्या जनावराच्या गळ्यात घंटा असे आणि बाकीची जनावरे डोळे मिटून तिच्यामागे चालत. ती घंटा वर्षानुवर्षे शोणाच्या गळ्यात होती.

नंदिलाला मूलबाळ नव्हते. शोणाला त्याने हाताने भरवून वाढवले होते. कुठेही बाहेर पडताना तो पागेत जाई, शोणाच्या कपाळावर हात ठेवी आणि "येतो" म्हणे. घरातून निघताना "जातो" म्हणू नये, हे कोणाला शिकवावे लागत नाही. शोण तो शब्द खरा मानी आणि नंदिल परतेपर्यंत दाराकडे तोंड करून उभा राही.

एका वर्षी पावसाळा सरता सरता शोण आजारी पडला. छाती भरली, धाप लागू लागली. सुंठीचा काढा झाला, शेक झाला, नंदिल त्याच्या उशाशी बसून राहिला. शेवटी वैद्याने मान हलवली. हा आता थोड्या दिवसांचा सोबती, याला ओझे नको आणि चालही नको, असे त्याने सांगितले. इकडे तांड्याचा मुहूर्त ठरलेला, माल बांधलेला, माणसे जमलेली. परत येईतो हिवाळा संपणार आणि तोवर शोण राहणार नाही, हे नंदिलाला कळून चुकले.

मग त्याला सांगायचे काय? "येतो" म्हणावे तर ती थाप. "जातो" म्हणावे तर जीभ रेटेना. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत झाली. शेवटी नंदिलाने तिसराच मार्ग काढला. शोणाचा डोळा लागलेला पाहून त्याने पहाटे त्याच्या गळ्यातली घंटा सोडली, वाजू नये म्हणून तिच्यात चिंधी कोंबली आणि ती एका तरुण काळ्या तट्टाच्या गळ्यात बांधली.

दारात त्याची बायको सामा उभी होती. "अहो, त्याला सांगून तरी जा," ती म्हणाली.

"जनावराला काय कळतंय?" नंदिल म्हणाला.

काही कळत नाही तर चिंधी कशाला, असे सामा विचारू शकली असती. तिने नुसते घंटेकडे पाहिले. चोराच्या मनात चांदणे, तसा नंदिल तिची नजर चुकवून निघाला.

वेशीबाहेर चिंधी काढावीच लागली, कारण घंटेवाचून जनावरे पाऊल उचलेनात. घंटा वाजली आणि थोड्या वेळाने मागून ओळखीच्या खुरांचा आवाज आला. शोण येत होता. मान खाली गेलेली, फासळ्या भात्यासारख्या हलत होत्या. तांड्यातली माणसे थांबून पाहू लागली.

नंदिलाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शरमेला कुठे तोंड लपवता आले नाही की ती रागाचे सोंग घेते. घरी जा, म्हणून तो खेकसला. शोण येतच राहिला. तेव्हा नंदिलाने वाटेकडेचे ढेकूळ उचलून मारले. रोज जिथे तो हात ठेवी, नेमके तिथेच, कपाळावर ते फुटले. शोण थांबला. माणसांनी माना दुसरीकडे वळवल्या. नंदिलाने मागे पाहिले नाही. जनाची लाज वळणावर मागे पडली, मनाची मात्र वाटभर त्याच्यासोबत चालली.

दुपारी पूर्णा नदीच्या काठी तांडा विसावला. उन्हे कलल्यावर घंटेचे काळे तट्टू पाण्यात उतरून सरळ समोर निघाले. तेवढ्यात झाडीतून शोण आला आणि त्याच्यापुढे आडवा उभा राहिला. मलाही न्या म्हणून विनवतो आहे, असे नंदिलाला वाटले. त्याला बाजूला करायला त्याने एका गड्याला काठी देऊन धाडले. गड्याने आधारासाठी शोणापलीकडे काठी टेकली, तर ती सगळीच्या सगळी आत गेली. तिथे चोरवाळू होती. दरसाल शोण तिला वळसा घालून जाई आणि त्याच्यामागून जाणाऱ्या कोणालाच, नंदिलालाही, तिचा पत्ता नव्हता.

शोण वळला आणि वळसा घेत पाणी कापू लागला. काळे तट्टू त्याच्यामागे निघाले आणि त्याच्यामागे सारा तांडा. शेवटचे जनावर पैलतीरी चढेपर्यंत तो उभा राहिला. मग पाय दुमडून खाली बसला.

नंदिलाने ओंजळीत पाणी आणून त्याच्या कपाळावरची माती धुतली. त्याच्या डोळ्यांत पाहायचे धैर्य त्याला होईना.

"मी तुला मारलं," तो म्हणाला. "तुझ्याशी खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना."

तेव्हा बोधिसत्त्व मनुष्यवाणीने बोलला. "लागलं मला. पण घंटा दुसऱ्याच्या गळ्यात गेली आणि वाट दाखवायची राहून गेली, म्हणून आलो. तू न सांगता गेलास, नंदिला. मी दाराकडे बघत मेलो असतो."

शोणाने आपले कपाळ नंदिलाच्या तळहातावर टेकवले.

"आता निघायची पाळी माझी," तो म्हणाला. "येतो."

एवढे बोलून त्याने प्राण सोडला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सोमिल नावाच्या भिक्षूला सांगितली. आपल्या आजारी सोबत्याला वाटेतल्या विहारात झोपलेला सोडून, निरोप न घेता तो एकटाच पुढे आला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तुझ्या सोबत्याची आज शुश्रूषा करते आहे ती उपासिका त्या जन्मी सामा होती. काठी घेऊन पाण्यात उतरलेला गडी म्हणजे तुझा तो सोबती. नंदिल तू होतास, सोमिला. आणि शोण मी होतो. येतो म्हणालो होतो, आलो."

सोमिलाने मान खाली घातली, भिक्षापात्र उचलले आणि आल्या वाटेने तो सोबत्याकडे परत निघाला. लागले ते न लपवता, आणि ज्याने मारले त्यालाच वाट दाखवून, बोधिसत्त्वाने त्या जन्मी जी पारमिता पुरी केली, तिचे नाव क्षांती, म्हणजे सोसून केलेली क्षमा.