बिनआवाजाची परीक्षा

वसईच्या फिलोमिना तुस्कानो पियानो शिकवत. त्यांच्या पियानोला वाळवी लागली, आणि भाचीची परीक्षा तर खऱ्या पियानोवर व्हायची होती. म्हणून त्या घरच्या सरावासाठी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्यायला गेल्या.

दुकानदार बोंद्रेशेठांनी सहा कीबोर्ड मांडले. "हा सातशे आवाजांचा. हुबेहूब पियानो! याच्यापुढे शिक्षकही चकतात."

सगळेच हुबेहूब वाटू लागले. बाईंचं डोकं गरगरलं. शेवटी त्या म्हणाल्या, "शेठ, सगळ्यांच्या वायरी काढा."

"अहो, मग आवाज कसा येणार?"

"नकोच मला आवाज."

त्यांनी डोळे मिटून एकेक पट्टी दाबली. पाच कीबोर्डांच्या पट्ट्या लिफ्टच्या बटणासारख्या खाली गेल्या. सहाव्याच्या मात्र डावीकडच्या जड, उजवीकडच्या हलक्या लागल्या, अगदी पियानोसारख्या.

"हाच द्या."

शेठ छद्मी हसले. "त्यात जेमतेम दहा आवाज! बाई, तुम्हाला कानच नाही. पियानोचा आवाज या सातशेवाल्यातच आहे."

"पियानोचा आवाज माझ्या रेडिओतूनही येतो, शेठ. पण रेडिओवर बोटं फिरवून माझी भाची पास होईल का?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. शेठ खोका शोधायला आत गेले.