दोन नावांची कोनशिला

घरकुलं बांधून देतो म्हणून गजराबाईंची वस्ती पाडली आणि सगळ्यांना मैदानाकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकलं. तेव्हापासून त्या मैदानात उगवल्या त्या फक्त कोनशिला. आधी ढोकरेसाहेबांनी नारळ फोडून आपल्या नावाची बसवली. सत्ता पालटली, तशी ती उपटून मोरवंचेसाहेबांनी आपली रोवली. ढोकरे परत निवडून आले, त्यांनी तीही उपटून फेकली. घरं काही आली नाहीत. वाट बघत गजराबाईंचे यजमान मात्र गेले.

ढोकरे आता पुन्हा आपली बसवणार, तोच दोघांची युती झाली! एकाच हारात माना घालून दोघे मांडवात उभे, पुढ्यात दोन नावांची नवी कोरी कोनशिला. ढोकरेसाहेब माइकवर गरजले, "आता आम्ही एक झालो. मागा आजी, काय मागायचं ते!"

गजराबाई उठल्या. "एवढंच मागते साहेब, लवकर पुन्हा भांडा."

गजराबाईंनी नव्या कोनशिलेकडे बोट केलं.

"तुम्ही भांडलात म्हणून उपटलेल्या दोन फरश्या तरी माझ्या पदरात पडल्या. एकीवर धुणं धुते. दुसरीवर ह्यांना शेवटची आंघोळ घातली. तुम्ही एक झालात, तर माझ्या वेळेला फरशी कुठून यायची?"

मोरवंचेसाहेब घाम पुसत गवंड्याच्या कानाशी पुटपुटले, "सिमेंट जास्त ओत रे. हलता कामा नये."

नाहीच हलली. त्या मैदानात पक्कं बांधकाम म्हणून आजही तेवढंच उभं आहे.