पंखढोंगी

नद्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची गोष्ट. एका नदीकाठी साळुंकी राहायची. कुणाची लबाडी दिसली की ती लगेच नवा शब्द घडवायची. डोळे मिटून मासे टिपणारा बगळा 'ध्यानचोर', कावळ्याच्या घरट्यात अंडी ठेवणारी कोकिळा 'अंडीटाकू'. काठावरची पिल्लंसुद्धा ते शब्द ओरडत हिंडायची.

वाळूत राहणारी टिटवी मुळातच घाबरट. कुणी अंड्यांजवळ आलं की ती पंख मोडल्यासारखी लंगडत लांब जायची आणि शत्रू मागे लागला की भुर्रकन उडायची. साळुंकीने ते पाहिलं. "अगंबाई, केवढं हे नाटक! पंखढोंगी!"

झालं, सगळे तेच म्हणू लागले. टिटवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा म्हणून लंगडायचं नाही, असं तिने ठरवलं.

एका सकाळी साळुंकीचं पिल्लू उडायला शिकताना वाळूत पडलं आणि समोरून मुंगूस आलं.

"टिटवे, अगं कर ना ते तुझं!" साळुंकी किंचाळली.

टिटवी दचकलीच. "ते म्हणजे... पंखढोंग?"

"हो गं बाई, तेच!"

टिटवी पंख फरफटत पार पलीकडच्या खडकापर्यंत गेली. मुंगूस जिभल्या चाटत मागोमाग. तिथून ती उडाली आणि मुंगूस बघतच राहिलं. तोवर पिल्लू झुडपात शिरलं होतं.

"आई, आता तिला काय म्हणायचं?" पिल्लाने विचारलं.

साळुंकीने बराच वेळ डोकं खाजवलं.

"मावशी म्हण," ती म्हणाली. "आणि हळू हाक मार, दचकते ती."