थाप्यांचा आवाज

पूर्वी मिथिला नगरीत एक राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या कुंभारआळीत जन्माला आला. त्याचं नाव कुंदक. मडकं चाकावरून उतरलं की आतून दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकून त्याला पोट आणायचं, हे त्याचं काम. बायको सामा माती मळायची.

त्या आळीची एक रीत होती. कुणाच्या घरात आवाज चढला की शेजारपाजारचे थाप्या जोरानं मारायला लागायचे. घरातली लाज घरातच राहावी, म्हणून वाडवडिलांनी लावलेली रीत. सासू-सुनेचं वाजलं, मार थाप्या. म्हातारा पोरावर तणतणला, मार थाप्या. संध्याकाळी कुणाला कुणासमोर मान खाली घालावी लागत नसे. रीत वाईट नव्हती. तिच्या आड काय लपेल, हे तेवढं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आळीचा जेठा, म्हणजे मुखिया, होता सोणक. सगळ्यांची मडकी भाजायचा आवा एकच. कुणाची आधी लावायची, कुणाची मागं ठेवायची, ते सोणक ठरवायचा. माणूस गोड बोलायचा. त्याची पहिली बायको मातीच्या खाणीत पडून गेली, असं तोच सांगायचा. वर्ष सरायच्या आत त्यानं दुसरी आणली, पुण्णी.

पुण्णी आली तशा भर दुपारी थाप्या वाजायला लागल्या. रोज.

बोधिसत्त्वाला आधी हातांनीच सांगितलं. त्याच्या मांडीवरचं मडकं केव्हाच तयार झालं होतं, तरी हात ठोकतच होता. त्यानं पलीकडं पाहिलं. शेजारचा म्हातारा मघूकाका तर वाळलेल्या मडक्यावर थापी मारत होता. वाळल्या मडक्यावर थापी मारतं का कुणी? मडकं तडकलं, तरी म्हातारा थांबला नाही.

मग त्याला एकेक दिसायला लागलं. पुण्णी घागर डोक्यावर घेत नाही, कमरेवर घेते. उन्हाळ्यातही पदर मनगटापर्यंत ओढून असते. ती पाणवठ्यावर आली की बायका घाईनं आपलं भरून निघतात.

त्यानं विचारलं, "पुण्णे, हाताला काय झालं गं?"

"आव्याशी भाजलं, दादा." ती त्याच्याकडं नाही, आपल्या घराकडं बघत बोलली.

आवा तर आठ दिवस पेटलाच नव्हता.

तो मघूकाकाकडं गेला. म्हातारा म्हणाला, "नवरा-बायकोतलं आपण काय बघायचं? तिचंही काहीतरी असेलच की. आणि तू का रे एवढी चौकशी करतोस? तुला काय तिचं?"

सामाही म्हणाली, "अहो, दोनशे मडकी कच्ची पडलीत. पाऊस तोंडावर आलाय. त्याच्याशी वाकडं घेतलं तर खायचं काय?"

 बोधिसत्त्वाला सोणकाच्या पहिल्या बायकोचा शेवटचा दिवस आठवला. त्या दुपारीही थाप्या वाजत होत्या, आणि आपला हात फार चांगला चालला होता. एका बैठकीत पाच मडकी झाली होती, आणि तो त्यावर खूश होऊन जेवला होता. इतरांवरचा संशय तिथंच संपला आणि स्वतःवरचा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज चढला. थाप्या सुरू झाल्या. बोधिसत्त्वानं आपली थापी खाली ठेवली, उठला, आणि सोणकाच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

सामा बघत राहिली. तिचा माती मळता हात थांबला. मघूकाकानं मान वर केली, त्याची थापी थांबली. हा तिथं करतोय काय, म्हणून एकेकानं हात आवरला. आळीत इतकी सामसूम कधी झालीच नव्हती.

आणि मग आतून पुण्णी ऐकू आली. ती ओरडत नव्हती. हळू, समजूत काढावी तशी म्हणत होती, "इथं नको. इथलं कालचं दुखतंय. दुसरीकडं मारा."

सगळ्या आळीनं ऐकलं.

"जेठा, दार उघड," बोधिसत्त्व म्हणाला.

सोणकानं दार उघडलं. हसत होता. "काय रे कुंदका, लेका? घरात उंदीर शिरला होता."

"उंदीर बोलत होता, जेठा. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

सोणकानं आळीकडं पाहिलं. सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि कुणी नजर वळवली नाही. मघूकाका काठी टेकत आला आणि म्हणाला, "पोरी, बाहेर ये." पुण्णी बाहेर आली. सामानं तिला हाताला न धरता, पदराला धरून घरी नेलं.

"तुझं एक मडकं माझ्या आव्यात जाणार नाही!" सोणक ओरडला.

"नाही तर नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

खरंच गेलं नाही. पहिल्या पावसात दोनशे मडकी विरघळून अंगणभर माती झाली. त्या वर्षी घरात एक वेळ चूल पेटली. पुण्णी मात्र भावाच्या गावी सुखरूप पोचली. सोणकाचं जेठेपण लोकांनी काढलं, पण त्याला आणखी दोन पावसाळे लागले.

ही कथा शास्त्यानं, म्हणजे बुद्धानं, जेतवन विहारात सांगितली. तिथं तिष्य नावाचा भिक्षू एका म्हाताऱ्या, दुबळ्या भिक्षूला कोपऱ्यात गाठून ढकलायचा, आणि बाकीचे आपापल्या भिक्षापात्रात बघत जेवायचे. शास्ता म्हणाला, "तेव्हाचा सोणक तो हा तिष्य. पुण्णी ती हा म्हातारा. सामा ती हा भिक्षू आनंद. आणि कुंदक तो मी."

कुणीतरी विचारलं, "भन्ते, आणि आळीतले लोक?"

शास्त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. "ते तुम्ही मला सांगा."

 मग एक भिक्षू उठला, म्हाताऱ्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "हात दाखवा, भन्ते."

त्या जन्मी बोधिसत्त्वानं करुणा पुरी केली. दुसऱ्याच्या दाराशी जाऊन उभी राहते, ती करुणा.