हाक मारणारा

“...पण लिनक्स जागा झाला की डॉस जातो कुठे?” सोमगिरीबाबांनी विचारलं.

“कुठेच नाही, बाबा. मेमरीतून पुसला जातो. तो एकदा हाक मारतो, लिनक्स उठतो आणि सगळी जागा घेतो.” त्यांच्या तरुण शिष्याच्या, निरंजनच्या आवाजात ऐट होती.

मठावर दुपारचं धुकं उतरलं होतं. बैठ्या मेजावर जुना कॉम्प्युटर घुमत होता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धुक्यातून चालत आल्यासारखी उमटत होती. बाबा ती पाहत होते. वाचत होते का, देव जाणे.

त्या मशीनवर मुळात डॉसच होता, कॉम्प्युटर चालवणारी जुनी प्रणाली. त्याच्याच एका फोल्डरात निरंजनने छोटासा लिनक्स, म्हणजे दुसरी, नवी प्रणाली, वसवला होता आणि डॉसच्या एका आज्ञेने तो सुरू होई. पोरगं हुशार, यात वाद नाही. पण हुशारी जरा डोक्यात गेली होती.

“आज डॉसच्या फायली काढूनच टाकल्या,” तो म्हणाला. “कशाला हवी ती अडगळ? बघा, काही अडलंय?”

खरंच काही अडलं नव्हतं. कर्सर शांतपणे लुकलुकत होता.

“दाभाडे मास्तरांचा निरोप आलाय,” बाबा म्हणाले. “अंथरुणाला खिळलेत. तुला एकदा बघायचं म्हणतात.”

गावातल्या शाळेत निरंजनला पहिल्यांदा कीबोर्डपुढे बसवलं होतं ते याच मास्तरांनी.

“जाऊन काय बोलू? त्यांना डॉसपलीकडे काही येत नाही. मी केव्हाच पुढे आलोय.”

“हं...”

बाबांनी मशीनच्या बटणाकडे बोट नेलं.

“नको!” निरंजनने त्यांचा हात घट्ट धरला.

“का रे? छान चाललंय की.”

“बंद केलं तर...” तो अडखळला. “पुन्हा उठवणार कोण?”

धुकं खिडकीतून आत आलं. निरंजनला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

“डॉस पुन्हा भरायची फ्लॉपी कुणाकडे असेल?” बाबांनी हळूच विचारलं.

“...मास्तरांकडे. बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलीय त्यांनी.” त्याचे डोळे भरून आले.

बाबांनी हात सोडवून घेतला आणि मशीनपुढे मांडी घालून बसले.

“अजून चालू आहे,” ते म्हणाले. “जा.”